मॉरिशस आणि रॉड्रिग्ज: एका सहलीत दोन बेटं कशी बसवायची

मॉरिशसला जाऊन आलेल्या दहा जणांना रॉड्रिग्जबद्दल विचारलं तर नऊ जण विचारतात, "ते कुठं आलं?" ते मॉरिशसचंच आहे, पण मुख्य बेटापासून सुमारे ५६० किलोमीटर पूर्वेला, हिंदी महासागरात एकटं. स्थानिक लोक 'रोद्रिग' म्हणतात. मॉरिशस साधारण १,८६५ चौरस किलोमीटरचं, ऊस, महामार्ग, मॉल आणि मोठमोठ्या रिसॉर्टचं बेट. रॉड्रिग्ज १०८ चौरस किलोमीटरचं, म्हणजे मुंबईच्या सहाव्या हिश्श्याएवढं. वस्ती ४४ हजारांच्या आसपास. मॉरिशसमध्ये भोजपुरी, तमिळ, तेलुगू आणि मराठी घरांतून आलेले लोक बहुसंख्य आहेत, तर रॉड्रिग्जवर जवळजवळ सगळे क्रेओल, म्हणजे आफ्रिकी आणि मिश्र वंशाचे, आणि कॅथलिक. २००२ पासून रॉड्रिग्जची स्वतःची प्रादेशिक विधानसभा आहे.

दोन्ही बेटं एकाच सहलीत पाहायची तर आधी एक गोष्ट पक्की करा: या सहलीचं वेळापत्रक हॉटेलवर ठरत नाही, एका छोट्या विमानावर ठरतं. रॉड्रिग्जच्या प्लेन कोराय विमानतळाची जुनी धावपट्टी जेमतेम तेराशे मीटरची, म्हणून तिथं पंख्याची एटीआर जातीची विमानंच उतरतात. प्रवास दीड तासाचा. जागा मोजक्या, वजनाला मर्यादा, आणि वारा किंवा ढग आडवे आले की उड्डाण पुढं ढकललं जातं किंवा रद्द होतं. बाकी सगळं नियोजन या विमानाभोवती फिरतं.

रॉड्रिग्ज मधे ठेवा, शेवटी नको

सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट हीच. पुष्कळ जण 'आधी मॉरिशस फिरू, मग शांत बेटावर आराम करू आणि तिथून थेट घरी' असा बेत करतात. कागदावर छान दिसतो. पण रॉड्रिग्जहून परतीचं विमान एक दिवस अडकलं की मुंबईचं विमान गेलं. म्हणून क्रम असा ठेवा: मॉरिशसला उतरा, विमानतळाजवळ एक रात्र काढा, रॉड्रिग्जला जा, परत या, आणि मुंबईच्या विमानाआधी मॉरिशसमध्ये किमान दोन रात्री हातात ठेवा.

किती दिवस लागतील?

दहा रात्री असतील तर १ + ४ + ५ ही वाटणी चांगली बसते. सात रात्रींत १ + ३ + ३ जमतं, पण ओढाताण होते. सातहून कमी दिवस असतील तर रॉड्रिग्ज सोडून द्या. जाण्यायेण्याचे दोन दिवस अर्धे-अर्धे वाया जातात आणि उरलेल्या दीड दिवसात रॉड्रिग्ज बघणं म्हणजे ताटावर बसून पहिल्या भातालाच उठणं.

तिकीट काढताना शक्य तर मुंबई–मॉरिशस आणि मॉरिशस–रॉड्रिग्ज एकाच बुकिंगवर घ्या. एअर मॉरिशस मुंबईहून थेट जाते, प्रवास सहा तासांच्या आसपास. एकाच बुकिंगमध्ये एक टप्पा चुकला तर पुढची सोय करणं विमान कंपनीवर येतं. दोन वेगळी तिकिटं असतील तर ते ओझं तुमच्यावर. आधी रॉड्रिग्जच्या जागा मिळतात का ते बघा आणि मगच आंतरराष्ट्रीय तारखा पक्क्या करा. उलटं करू नका. नाताळ-नवीन वर्षात मॉरिशसमध्ये कामाला असलेली रॉड्रिग्जची माणसं घरी परततात, तेव्हा जागा मिळणं कठीण होतं. ईस्टर आणि तिथल्या शाळांच्या सुट्यांतही तेच. या काळात जायचं असेल तर तीन-चार महिने आधी, एरवी दोन महिने आधी.

बॅग भरताना विमानाचं आकारमान लक्षात ठेवा. मुंबईहून येताना चालणारं वजन रॉड्रिग्जला चालेलच असं नाही, तिकिटावर त्या टप्प्यापुढं किती किलो छापलेत ते वाचा. विमान भरलेलं असलं की एखादी बॅग मागच्या विमानाने येऊ शकते. म्हणून औषधं, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत. मोठी सुटकेस मॉरिशसमधल्या पहिल्या रात्रीच्या गेस्टहाऊसमध्ये ठेवून फक्त छोटी बॅग घेऊन जाणं हा त्याहून चांगला मार्ग. बुकिंग करतानाच तसं विचारून ठेवा.

कोणत्या महिन्यात

तिथं ऋतू उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा: गरम, दमट, आणि साधारण जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा जोर. मे ते ऑक्टोबर हिवाळा: कोरडा, आल्हाददायक, पण आग्नेयेकडून सतत वारा. दोन्ही बेटांसाठी मिळून सप्टेंबरचा शेवट ते डिसेंबरचा मध्य हा सगळ्यात चांगला काळ. वारा पडलेला असतो, पाणी तापायला लागलेलं असतं आणि वादळं अजून लांब असतात. त्याखालोखाल एप्रिल-मे.

जून ते ऑगस्टमध्ये मे महिन्याच्या सुट्टीसारखं कडक ऊन मनात धरून गेलात तर फसाल. हवा छान असते, पण पूर्व किनाऱ्यावर वाऱ्याने वाळू अंगावर येते आणि पाणी थंड वाटतं. पतंगाच्या दोरीला धरून लाटांवर धावणारे, म्हणजे काईटसर्फिंगवाले, मात्र याच महिन्यांत मुद्दाम रॉड्रिग्जच्या मुरूकला येतात.

जानेवारी ते मार्चमध्ये गेलातच तर वादळाच्या इशाऱ्यांची भाषा माहीत हवी. इशारे वर्ग १ पासून चढत जातात. वर्ग १ आला की खाणंपिणं आणि रोख रक्कम जवळ करा. वर्ग २ ला लांबची सहल रद्द करा. वर्ग ३ ला बस आणि दुकानं बंद होतात, लोक घरी परततात. तुम्हीही हॉटेलातच असायला हवं. जानेवारी २०२४ मध्ये 'बेलाल' वादळाच्या वेळी राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पुराच्या पाण्यात मोटारी वाहून गेल्या. तेव्हा 'जरा बाहेर डोकावून येऊ' हा प्रकार नको.

महाशिवरात्रीच्या आधीचे तीन-चार दिवस मॉरिशसच्या डोंगरातल्या गंगा तलाव या पवित्र तळ्याकडे जाणारे रस्ते कावड घेऊन चालणाऱ्या भाविकांनी भरून जातात. ते बघायला जायचं असेल तर मुद्दाम जा, नाहीतर त्या दिवसांत बेटाच्या मधल्या भागातून गाडी काढू नका. गणेश चतुर्थीची मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज पश्चिमेकडच्या कास्काव्हेल आणि आसपासच्या गावांत आहेत. गणपतीत तिथं झाकरी नाचतात. आपल्याकडच्या जाखडीचंच हे रूप, तिथल्या उच्चारात.

कागदपत्रं, पैसे, फोन

भारतीय पासपोर्टला पर्यटनासाठी मॉरिशसचा व्हिसा उतरल्यावर मिळतो आणि त्याची फी नाही. मात्र परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा मागू शकतात. तिन्हींचे छापील कागद बरोबर ठेवा. रॉड्रिग्जचं बुकिंगही त्यात हवं, नाहीतर 'मधल्या चार रात्री कुठं?' हा प्रश्न येतो. प्रवासाआधीच्या तीन दिवसांत मॉरिशस सरकारचा 'ऑल इन वन' डिजिटल फॉर्म भरून त्याचा क्यूआर कोड मोबाइलमध्ये जतन करा. फॉर्म फुकट आहे. पैसे मागणारी तिसरीच वेबसाइट उघडली असेल तर बंद करा. आफ्रिकेतल्या एखाद्या शहरातून विमान बदलून जात असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचा नियम आधी तपासा.

ऑक्टोबर २०२५ पासून मॉरिशसमध्ये हॉटेल-गेस्टहाऊसच्या मुक्कामावर प्रत्येक प्रवाशामागं रात्रीला ३ युरो पर्यटन शुल्क आहे, बारा वर्षांखालील मुलं सोडून. बुकिंगच्या रकमेत ते धरलंय का, की हॉटेलात वेगळं द्यायचं, ते विचारून घ्या.

औषधांच्या बाबतीत मॉरिशस कडक आहे. झोपेच्या गोळ्या, कोडीन किंवा ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं सहज पिशवीत टाकून नेऊ नका. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, मूळ पाकीट आणि लागेल तेवढीच मात्रा. पुड्यांत बांधलेली आयुर्वेदिक चूर्णं कस्टमला समजावत बसावं लागतं, तेव्हा लेबल असलेली बाटलीच घ्या. ई-सिगारेटवर बंदी आहे. ताजी फळं, रोपं, बिया नेऊ नका. रॉड्रिग्जवर २०१४ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, म्हणून सामान बांधताना कापडी पिशव्या वापरा. डाळ-तांदळाच्या प्लास्टिक पिशव्यांची आपली जुनी सवय इथं घरीच ठेवा.

चलन मॉरिशसचा रुपया. लिहितातही 'रु.' सारखंच, आणि इथंच घोटाळा होतो. एक मॉरिशस रुपया म्हणजे दोन भारतीय रुपयांच्या थोडं खाली. मेन्यूवर ६०० बघून 'स्वस्त आहे' म्हणणारा माणूस हिशेबाच्या वेळी गप्प होतो. साधी युक्ती: आकडा दिसला की आधी दुप्पट करायचा. फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय आणि रुपे मॉरिशसमध्ये सुरू झालंय, पण ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावा लागतो आणि सगळीकडे क्यूआर नसतो. त्याच्या भरवशावर राहू नका. रॉड्रिग्जला तर रोख हवीच. एटीएम आहेत ती बहुतेक पोर्ट माथुरिन या एकाच गावात. समुद्रकिनाऱ्यावरच्या झोपडीतलं जेवण, बाजारातलं लोणचं आणि होडीवाला या तिघांना कार्ड चालत नाही असंच धरून चला.

वेळ भारतापेक्षा दीड तास मागं. प्लग बहुतेक ठिकाणी तीन चौकोनी पिनांचे इंग्लंडच्या धर्तीचे, काही ठिकाणी दोन गोल पिनांचे. एक ॲडाप्टर पुरत नाही, कुटुंबाला दोन घ्या. सिमकार्ड मॉरिशस विमानतळावरच घ्या, तेच रॉड्रिग्जला चालतं.

पहिली रात्र: विमानतळाजवळ

मॉरिशसचा विमानतळ बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात. उत्तरेकडचं ग्रां बे तिथून सत्तरेक किलोमीटर. दुसऱ्या दिवशी रॉड्रिग्जचं विमान धरायचं असताना पहिल्या रात्री तिकडं जाऊन परत येणं हा निव्वळ टॅक्सीचा खर्च. माहेबूर किंवा ब्लू बे इथं राहा, दोन्ही विमानतळापासून दहा-पंधरा मिनिटांवर. ब्लू बेच्या सागरी उद्यानात प्रवाळ किनाऱ्यापासून जवळ आहे, तळाशी काच असलेल्या होडीतून तासाभरात बघून होतो. उतरायचा दिवस सोमवार असेल तर माहेबूरचा आठवडी बाजार मिळतो.

पहिलं जेवण ढोल पुरी. बाजारात काचेच्या पेटीमागं उभा असलेला माणूस कापड बाजूला करतो, पिवळ्या डाळीचं सारण भरलेल्या दोन पातळ पोळ्या कागदावर टाकतो, त्यावर पांढऱ्या घेवड्याची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि कोथिंबिरीची चटणी, आणि मग मान वर न करता विचारतो, "पिमां?" म्हणजे मिरची घालू का. गूळ न घातलेली पुरणपोळी तिखट उसळीत गुंडाळून खाल्ल्यासारखं लागतं. ती जोडीनेच विकतात, एक मागितली तरी दोनच येतात. पूर्ण शाकाहारी असते. तशीच 'गातो पिमां' ही डाळीची भजी आणि फराटा हा आपला पराठा.

रॉड्रिग्ज: घड्याळ नाही, भरती-ओहोटी बघा

मॉरिशसमध्ये दिवसाची आखणी रस्त्यांवरून होते, रॉड्रिग्जवर पाण्यावरून. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे आणि त्याच्या आतलं उथळ खाजण, तिथल्या भाषेत लगून, बेटाच्या दुप्पट पसरलेलं. मॉरिशसला भरती-ओहोटीतला फरक अर्धा-पाऊण मीटर, त्यामुळे तिकडं कुणाचं लक्षही जात नाही. रॉड्रिग्जला उधाणाच्या दिवसांत तो दीड मीटरपर्यंत जातो, आणि ओहोटीला खाजणाचे मोठे पट्टे गुडघाभर पाण्यावर किंवा थेट चिखल-वाळूवर येतात. फोटोत निळंशार दिसलेलं पाणी सकाळी दहाला नसतंच. मग लोक म्हणतात, "पोहायला जागाच नाही."

कोकणात राहिलेल्याला हे नवीन नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हा हिशेब तिथंही लागू. भरतीची वेळ मात्र आपल्या तिथीच्या गणिताने काढू नका. तो ठोकताळा आपल्या किनाऱ्याचा आहे. पोर्ट माथुरिनचं भरतीचं कोष्टक मोबाइलवर उतरवून घ्या आणि चारही दिवसांच्या वेळा एका कागदावर लिहा. भरतीच्या आधीचे दोन तास पोहायला आणि होडीला, ओहोटी डोंगर-गुहांना. एवढं केलंत की अर्धं नियोजन झालं.

राहायला मोठी हॉटेलं थोडीच. घरगुती गेस्टहाऊसमध्ये राहा, न्याहारी आणि रात्रीचं जेवण धरून. रात्री जेवायचं असेल तर सकाळीच सांगावं लागतं, कारण स्वयंपाक मोजून होतो. संध्याकाळी बाहेर जेवायला मिळेल या भरवशावर राहिलात तर बिस्किटं खाऊन झोपाल. पोर्ट माथुरिनमधली दुकानं दुपारी चारच्या सुमारास बंद व्हायला लागतात, रविवारी सामसूम. बेटावर पाण्याची टंचाई कायमची आहे, टाकीतलं पाणी जपून वापरतात. अर्धा तास शॉवर सोडणारा पाहुणा घरमालकिणीच्या नजरेतून उतरतो.

शाकाहारींनी बुकिंगच्या वेळीच लिहून कळवावं, आणि 'मासेही नाही, अंडी चालतात की नाही' हे स्पष्ट सांगावं. तिथं 'मांस नाही' म्हटलं की मासा वाढतात. रॉड्रिग्जचा लाल राजमा चांगला, मक्याच्या कण्या, पाव, भाज्या आणि चटण्या मिळतात. तरी चार दिवसांपुरतं मेतकूट, चटणी, भाजके दाणे बरोबर असलेले बरे. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ.

फिरायला बस आहे, पण दुपारनंतर विरळ होत जाते. गाडी भाड्याने घेतलीत तर तिथं दुहेरी केबिनचा पिकअपच बहुधा मिळतो. स्कूटर स्वस्त, पण रस्ते चढउताराचे, वळणांचे, आणि घाटमाथ्यावर वारा बाजूने आदळतो. सवय नसेल तर नको. पेट्रोल पंप मोजके, म्हणून टाकी अर्धी झाली की भरा.

चार दिवसांत काय? आलेल्या दिवशी दुपारी मों लिमों, ३९८ मीटर, बेटावरचं सगळ्यात उंच ठिकाण. गाडीरस्त्यापासून थोडंच चढायचं. तिथून खाजणाचा आकार एका नजरेत कळतो आणि नकाशा डोक्यात बसतो.

दुसरा दिवस ओहोटीच्या वेळेला फ्रांस्वा लेगा अभयारण्य. लेगा हा १६९१ मध्ये मूठभर साथीदारांबरोबर इथं येऊन दोनेक वर्षं राहिलेला फ्रेंच प्रवासी. त्याने लिहून ठेवलेल्या स्थानिक कासवांच्या जाती शिकारीने संपल्या, म्हणून आता अल्डाब्रा आणि मादागास्करची कासवं आणून वाढवलीत. पायाखालून दोन मणांचं कासव मान ताणून पुढं येतं आणि मानेखाली खाजवलं की चारी पायांवर ताठ उभं राहतं. गुहा मार्गदर्शकासोबतच, ठरलेल्या वेळेला. आधी फोन करून वेळ विचारा. जवळची काव्हर्न पातात गुहा जास्त रांगडी: पायाखाली ओलसर, डोक्याला हेल्मेट, आत दिवे नाहीत. चपला घालून जाऊ नका. दोन्हींपैकी एकच गुहा करायची तर लहान मुलं-वडीलधारे असताना लेगाची.

तिसरा दिवस इल ओ कोको. पश्चिमेकडच्या खाजणातलं वाळूचं चिंचोळं बेट, समुद्रपक्ष्यांची वसाहत. होडी पॉयंट दियाब्लवरून सुटते, साधारण तासाभरात पोचते. सुटण्याची वेळ भरतीवर ठरते आणि रोज बदलते. परवान्याची व्यवस्था होडीवाला करतो, म्हणून गेस्टहाऊसमार्फत दोन दिवस आधी सांगून ठेवा. हा बेत पहिल्या किंवा शेवटच्या दिवसावर ठेवू नका. वाऱ्यामुळे रद्द झाला तर दुसरा दिवस हाताशी हवा. शुभ्र कुररी नावाचा पांढरा पक्षी घरटं बांधत नाही, फांदीच्या बेचक्यात उघडंच एक अंडं ठेवतो. पायवाट सोडलीत आणि झाड हललं तर ते खाली पडतं. तेवढ्यासाठी मार्गदर्शक 'मागं राहा' म्हणाला की राहायचं. सावली नाममात्र, टोपी आणि बाह्यांचा शर्ट घालून पाण्यात उतरा. परतीच्या होडीत वारा समोरून येतो, सगळे भिजतात; मोबाइल आणि पासपोर्ट पाणी न जाणाऱ्या पिशवीत.

चौथा दिवस चालण्याचा. सँ फ्रांस्वाहून दक्षिणेकडे किनाऱ्याने ग्राव्हिएपर्यंत, मधे त्रू दार्जां ही दोन कड्यांत लपलेली वाळूची चंद्रकोर. पूर्ण चाल थांबत-थांबत अडीच-तीन तासांची, फक्त त्रू दार्जांपर्यंत जाऊन यायचं तर दीड तास. माणशी दोन लिटर पाणी न्या, वाटेत दुकान नाही. खडक धारदार आहेत, तळवे जाड असलेले बूट हवेत. समुद्र शांत दिसला तरी कड्यांजवळ पोहणं ओढ बघून.

शनिवार बेटावर मिळेल असे दिवस निवडा. पोर्ट माथुरिनचा शनिवारचा बाजार उजाडताच सुरू होतो आणि दहापर्यंत ओसरतो. बारीक लिंबांचं लोणचं, मिरचीचा ठेचा, मध, कांदे, टोपल्या. मिरच्या बोटाच्या पेराएवढ्या आणि जहाल. चव बघताना काडीच्या टोकाएवढीच घ्या, मग आपण कोल्हापूरचे असू द्या.

किनाऱ्यावर काठ्यांच्या मांडवावर आठ पाय फाकवून वाळत घातलेले अष्टपाद दिसतील. आपल्याकडं वलांडीवर बोंबील वाळतात, तसाच हा प्रकार. ओहोटीला डोक्याला हॅट, पायात बूट आणि हातात लोखंडी सळई घेतलेल्या बायका उथळ पाण्यात फिरतात. बिळाच्या तोंडाशी शिंपल्यांचा ढीग दिसला की आत अष्टपाद आहे हे त्या ओळखतात. तो खाऊन कवचं बाहेर टाकतो. २०१२ पासून ही मासेमारी ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात. गणपतीत गेलात तर ताजा मिळणार नाही, आणि कुणी गुपचूप देतो म्हणाला तर घेऊ नका. पाण्यात चालताना तळ बघून पाय टाका: समुद्री अर्चिन आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश या दोघांसाठी रबरी बूट लागतात.

स्कूबा करणार असाल तर शेवटची डुबकी आणि विमान यांत पूर्ण २४ तास ठेवा. एटीआर छोटं असलं तरी तेही विमानच.

परत मॉरिशसला: किनारा निवडा आणि एकाच जागी राहा

बेट लांबीला पासष्टेक किलोमीटर, रुंदीला पंचेचाळीस. नकाशात सगळं जवळ, पण मधल्या डोंगरातून आणि उसातून जाणारे रस्ते वेळ खातात. पाच रात्रींसाठी दोन हॉटेलं बदलू नका. पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आं-फ्लाक किंवा तामारें इथं तळ ठोका. वाऱ्याच्या महिन्यांत हा किनारा आडोशाला येतो, पाऊस कमी, सूर्यास्त समुद्रात, आणि शामारेल, ल मॉर्न, गंगा तलाव हे सगळं तासाभरात. पूर्वेचा बेल मारचा किनारा वाळूच्या बाबतीत सरस आहे, पण तो नोव्हेंबर ते एप्रिलसाठी. ग्रां बे ज्यांना बाजार, गर्दी आणि रात्रीचं जागणं हवं त्यांच्यासाठी.

गाडी घ्या. डावीकडून चालवायची, त्यामुळे अवघड नाही. परिवहन पोर्टलवरून किंवा आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, शुल्क १,००० रुपये. तिथल्या गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देतात. आपल्यासारखं नाक घुसवायचं नाही. गावांतल्या रस्त्यांना कडा नसतात, डांबर संपलं की थेट गटार. जून ते नोव्हेंबर ऊसतोडणी, तेव्हा ट्रकमागं रांगत जावं लागतं. साताऱ्या-कोल्हापूरच्या माणसाला हे घरच्यासारखंच वाटेल. मेट्रो पोर्ट लुई ते क्यूरपीप अशी आहे, विमानतळाला किंवा किनाऱ्याला जात नाही.

एक दिवस नैर्ऋत्य भागाला द्या. सकाळी लवकर शामारेलचा धबधबा आणि सात रंगांची माती. माती बघायला पंधरा मिनिटं पुरतात, नावावरून मोठी अपेक्षा नको. उन्हं तिरपी असतानाच रंग उठतात. मग ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या दऱ्यांच्या राष्ट्रीय उद्यानातले देखावा बघायचे सज्जे आणि गंगा तलाव. किनाऱ्यावर घाम येत असताना तिथं धुकं आणि रिपरिप असते, एक स्वेटर गाडीत हवा. तिथली शंकराची १०८ फुटी मूर्ती लांबूनच दिसते. तलावावरची माकडं हातातला प्रसाद ओढतात.

ल मॉर्नचा डोंगर ५५६ मीटर. पळालेल्या गुलामांचा हा आसरा, २००८ पासून जागतिक वारसा. पहिला टप्पा रुंद वाटेचा, कुणालाही जमतो. त्यानंतर हातापायांनी चढायचं आहे. उंचीची भीती असेल तर पहिल्या टप्प्यावरून परतलात तरी खाजणाचं दृश्य मिळतं. सकाळी सहा-सातला सुरू करा. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर खडक निसरडा, जाऊ नका.

एक दिवस पोर्ट लुई: बाजार, आणि आप्रवासी घाट. १८३४ नंतर हिंदुस्थानातून आणलेले जवळजवळ पाच लाख करारी मजूर इथल्या पायऱ्यांवरून चढले. रविवारी बंद असतो. आपल्या घराण्यातलं कुणी रत्नागिरी-सावंतवाडीकडून 'मिरच देशाला', म्हणजे मॉरिशसला, गेल्याची गोष्ट ऐकली असेल, तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदी जतन आहेत. आधी पत्र लिहून वेळ घ्या, नाव आणि अंदाजे साल कळवा.

वगळायचं काय? तामारेंची डॉल्फिन-सफर. सकाळी पंधरा-वीस होड्या एका कळपाला घेरतात, त्यात बघण्यासारखं काही उरत नाही. पूर्वेकडच्या इल ओ सेर्फ या छोट्या बेटावर जायचं तर शनिवार-रविवार टाळा. दक्षिणेच्या ग्री-ग्री किनाऱ्यावर प्रवाळाचं कडं तुटलेलं आहे, लाटा थेट आदळतात. बघायला सुंदर, पाण्यात पाय घालायला नाही.

डास दोन्ही बेटांवर आहेत आणि अलीकडं डेंग्यू-चिकुनगुन्याच्या साथी येऊन गेल्यात, तेव्हा मलम आणि पूर्ण बाह्या संध्याकाळी लागतातच. रॉड्रिग्जला क्रेव्ह कर इथं सरकारी रुग्णालय आहे, पण गंभीर आजाराला मॉरिशसलाच हलवावं लागतं. विमा काढताना वैद्यकीय स्थलांतर आणि विमान रद्द होणं या दोन्ही गोष्टी त्यात आहेत का ते शब्दन् शब्द वाचा.

शेवटच्या दिवशी विमानतळाला तीन तास आधी पोचा. सकाळी आणि संध्याकाळी पोर्ट लुईभोवती वाहतूक तुंबते, उत्तरेकडून येत असाल तर दोन तास धरा. आणि रॉड्रिग्जचा मध, लिंबाचं लोणचं आणि मिरचीची बाटली हातातल्या पिशवीत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत काढून घेतात. झाकणाला टेप लावा, बाटली आडवी न ठेवता कपड्यात उभी गुंडाळा आणि मोठ्या बॅगेत मधोमध घाला. ते तेल पांढऱ्या शर्टावरून निघत नाही.